रुग्णाने भरायची चिठ्ठी

प्रिय शेंडेफळ,

तुझे सगळे निरोप मिळाले. पहिल्यात तू कारणं दिलीस, चौथ्यात माफी मागितलीस, सातव्यात उलट माझ्यावरच रागावलीस आणि कालच्यात नुसतं ‘ताई’ एवढंच लिहिलंस. फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. फोनवर तू आधी रडतेस आणि मग समजूत मला घालावी लागते, हे गेल्या पन्नास वर्षांचं आपलं ठरलेलं आहे. पत्रात तुला ती सोय नाही, म्हणून पत्र लिहितेय. कागद पाहून हसू नकोस. चार रेघांचीच वही आहे, पहिलीतली मुलं वापरतात ती. दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का, तर मी बिनदिक्कत हो म्हणाले. इतकं सराईत खोटं बोलायला मी तुझ्याच कॉलेजात शिकले.

घरी सगळं जागच्या जागी आहे. मोरीतला नळ अजून गळतो आणि तुझे भावोजी अजून तो ‘या रविवारी’ दुरुस्त करणार आहेत. तू ऐकलंयस, तीस वर्षं त्यांची एकच तक्रार होती की मी रस्त्याने घोड्यावर बसल्यासारखी चालते आणि ते पिशव्या घेऊन मागे राहतात. गेल्या वर्षापासून ते पुढे असतात आणि मी मागे. मी सुधारले, नवऱ्याला मान द्यायला शिकले, असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. परवा त्यांना खरं कारण सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ नळाकडे बघत बसले. मग उठून त्यांनी चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरले.

आपलं जुनं जेवणाचं टेबल तुला आठवत असेलच. तू फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होतीस, मी शाळेत नोकरीला लागून दहा वर्षं झाली होती. तुला स्नायूंची नावं पाठ होईनात. मग मी त्या टेबलावर पालथी झोपायची आणि तू पुस्तक उघडून माझ्या पाठीवर बॉलपेनने रेघा काढायचीस. प्रत्येक वेळी आधी विचारायचीस, ‘ताई, गार लागेल हं, लावू का पेन?’ एकदा शाई धुतलीच गेली नाही. दुसऱ्या दिवशी मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना अख्खा तिसरीचा वर्ग खुसखुसायला लागला, बाईंच्या मानेवर नदीचा नकाशा आहे म्हणून. तू मात्र त्या परीक्षेत पहिली आलीस आणि घरभर नाचलीस. माझ्या पाठीचा त्यात अर्धा वाटा आहे असं मी सगळ्यांना सांगायची. खरं तर मला तो अर्ध्याहून जास्तच वाटायचा.

म्हणूनच निवृत्तीनंतर तू जेव्हा म्हणालीस, ताई, आमच्याकडे खोटे पेशंट लागतात, तू येशील का, तेव्हा मी एका पायावर तयार झाले. शाळेची तीस नाटकं बसवलेली बाई मी, मला कोणी तरी शेवटी रंगमंचावर बोलावलं होतं. आणि काय रंगमंच! सहा खाटा, निळे पडदे, चालायला शिकवायच्या समांतर दांड्या, आणि एका भिंतीला ती काच, जिच्यातून तुम्हाला आम्ही दिसतो आणि आम्हाला फक्त आपलाच चेहरा दिसतो. तुम्ही दिलेला कागद पाठ करायचा. आज गुडघा बदललेली बाई, उद्या खांदा आखडलेली. मुलांनी विचारलं तेवढंच सांगायचं, नीट विचारलं तर जास्त सांगायचं, दुखवलं तर ओरडायचं. एका घाबरट मुलाने माझा चांगला गुडघा तासभर वाकवला आणि माफी दुखऱ्याची मागितली. एकदा गुडघा इतका रंगला की मी बसमध्येही लंगडत चढले, कोणी तरी जागा दिली, आणि मी ती घेतली. तुला हे सांगितलं तेव्हा तू खुर्चीवरून पडायची बाकी होतीस.

आणि त्या चिठ्ठ्या. तुझ्या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. दुसरी घंटा झाली की आम्ही भूमिकेतून बाहेर यायचं आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी भरायची. हात लावण्याआधी मला विचारलं का? माझं म्हणणं ऐकून घेतलं का? मी पुन्हा याच व्यक्तीकडे येईन का? तीन प्रश्न, आणि खाली दोन ओळी आपल्या शब्दांत. रुग्णाची चिठ्ठी जोडल्याशिवाय कुठल्याही परीक्षेचे गुण अंतिम धरायचे नाहीत, हा नियमही तुझाच. तू त्यासाठी वरिष्ठांशी भांडलीस, आणि मी तेव्हा तुझ्या भावोजींना म्हटलं होतं की ही माझ्या हाताखाली वाढलेली पोर आहे.

आठ महिन्यांपूर्वी तू मला केबिनमध्ये बोलावलंस. आता गुडघे पुरे, म्हणालीस, तुला कठीण केस देते, कंपवाताची, पार्किन्सनची. इतर कोणाला जमणार नाही. मी किती फुगले असेन! तू मला समोर उभं करून शिकवलंस. डावा हात थरथरला पाहिजे, अंगठा बोटांवर घासल्यासारखा. पावलं आखूड. सगळं लक्ष डाव्या हातावर ठेव, उजव्याचा विचारच करू नकोस, तो मोकळा सोड. मी आरशासमोर पंधरा दिवस डावा हात थरथरवत होते. पुढे वर्गात तू मुलांना म्हणायचीस, चालताना बघा, किती नैसर्गिक आहे, आणि मी खाटेवर बसून गालातल्या गालात हसायची. त्यानंतरचं तुझं व्याख्यानही मला पाठ झालं. या आजारात व्यायाम जितका लवकर सुरू होईल तितका बरा, मोठ्या हालचाली, मोठी पावलं, गेलेले महिने परत मिळत नाहीत. सात तुकड्यांसमोर सात वेळा ऐकलं मी ते, तुझ्यापासून चार हातांवर बसून.

आता त्या मुलीबद्दल. उंच आहे, मैत्रिणी तिला जिराफ म्हणतात आणि तिने ते स्वतःच मला सांगितलं. अभ्यासात बेताची. सांध्यांचे कोन मोजायची पट्टी हमखास उलटी धरते. पण रुग्णाशी बोलताना ती आधी स्टूल ओढून बसते, आपले डोळे समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीला येईपर्यंत वाकते, आणि मग बोलते. शिवाय ती चिठ्ठ्या जपून ठेवते. बाकीची मुलं नक्कल फाइलला लावून विसरून जातात, हिने माझ्या हातच्या तिन्ही मूळ चिठ्ठ्या मागून घेऊन वहीत ठेवल्या होत्या. पहिली दीड वर्षापूर्वीची, शेवटची दोन महिन्यांपूर्वीची. मला वाटायचं, मी छान लिहिते म्हणून.

परीक्षेच्या दिवशी तिची पाळी सर्वांत शेवटी होती. तिने नीट विचारलं, डावा हात तपासला, मग मला दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं. मी आले. तिने पुन्हा चालायला लावलं, मग स्टूल ओढून बसली आणि अगदी हळू म्हणाली, “मावशी, उजव्या हाताचं तुमच्या कागदात लिहिलंय का?” मी पडले इमानदार नटी. मी कागदातलं वाक्य म्हटलं, अहो, वय झालं की व्हायचंच. ती म्हणाली, “मी केसबद्दल नाही विचारत. तुमच्याबद्दल विचारतेय.” आणि तिने खिशातून त्या तीन चिठ्ठ्या काढून माझ्या मांडीवर ओळीने मांडल्या.

तू मला फळ्यावर लिहिताना पाहिलंयस. शेवटच्या बाकावरच्या आंधळ्यालाही वाचता यावं असं अक्षर होतं माझं. पहिल्या चिठ्ठीत ते होतं. दुसरीत ते बसल्यासारखं झालं होतं. तिसरीत ओळीच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटाकडे मुंग्यांएवढं. तिन्हींवर सही माझीच. मी बघत राहिले, आणि तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून तुझा आवाज आला, “विद्यार्थिनीने भूमिकेबाहेर जाऊ नये. केसपुरतंच विचारा.” शांत, स्वच्छ, सरकारी आवाज. मला तेव्हा बरंच वाटलं, खरं सांगते. मला वाटलं, तुला आतून काही दिसलं नसेल, तू फक्त नियम सांभाळतेयस. मग घंटा झाली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी न भरता उठले.

तुला सांगावं म्हणून मी काचेमागच्या खोलीत आले. तू परीक्षकांना जिन्यापर्यंत पोचवायला गेली होतीस. त्यांच्या खुर्चीवर पॅड पडलं होतं. परक्या कागदात डोकावू नये असं मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण त्यावर तुझं अक्षर होतं, आणि तुझं अक्षर मला परकं कधी वाटलंच नाही. छापील यादीत चौथा मुद्दा होता, ‘चालताना उजवा हात झुलत नाही.’ त्याच्यापुढे तू पेनने लिहिलं होतंस, ‘हे तिला शिकवलेलं नाही, आपोआप येतं. तिला सांगू नये, सावध झाली की हात हलवते.’ खाली तुझी सही आणि तारीख. आठ महिन्यांपूर्वीची. मला केबिनमध्ये बोलावलंस त्याच्या आदल्या दिवसाची.

मी ते तीनदा वाचलं. मग खोलीतल्या खोलीत चालून पाहिलं. तू लिहिलं होतंस ते बरोबर होतं, सावध झाल्यावर हात हलत होता.

तू परत आलीस, माझ्या हातात पॅड पाहिलंस आणि जे म्हणालीस ते मला रोज ऐकू येतं. “मला खात्री नव्हती, ताई.” खात्री नव्हती, तर परीक्षेच्या कागदावर छापलंस कशाला? चाळीस मुलांना ज्या मुद्द्यावर गुण द्यायचे त्याची खात्री तुला होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांना सांगण्याइतकी होती. फक्त मला सांगण्याइतकी नव्हती. मी तिथून निघाले तेव्हा तू मागून येत होतीस आणि मला माहीत होतं तू काय बघतेयस. मी दोन्ही हात खिशात घातले. सख्ख्या बहिणीपासून चाल लपवावी लागली, यापेक्षा आणखी काय व्हायचं राहिलं?

चौथ्या दिवशी मी एकटीच मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोटं आपटायला लावली, चालवलं, एक ओळ लिहायला सांगितली आणि अक्षर शेवटाकडे कसं बारीक होत जातं ते दाखवलं. मग नाव घेतलं, तेच, जे मी आठ महिने पाठ म्हणत होते. केव्हापासून आहे, असं विचारलं. मी म्हटलं, बहिणीच्या कागदावर तारीख आहे. ते बिचारे गोंधळले. त्यांनी गोळ्या दिल्या, घाबरू नका म्हणाले, आणि पुढे तुझंच व्याख्यान सुरू केलं, व्यायाम, मोठी पावलं, लवकर सुरुवात. मी मान डोलवत होते आणि मनात आठ महिने मोजत होते. तेवढ्यात काय काय करता आलं असतं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी तुझ्या बाजूनेही विचार करून पाहिला. शिक्षिका आहे, उत्तर चुकलं तरी पोराने आकडेमोड कुठपर्यंत बरोबर केली ते बघायची सवय आहे. तुला पहिल्या दिवशी भीती वाटली असेल. मला कसं सांगायचं, हे ठरवायला म्हणून तू एक आठवडा घेतला असशील, मग आणखी एक. न सांगितलेली गोष्ट दर आठवड्याला जड होत जाते, हे मलाही कळतं. इथपर्यंत मी तुला पूर्ण गुण देते. पण गप्प बसणं वेगळं आणि मला खाटेवर बसवणं वेगळं. तू भ्यालीस म्हणून गप्प बसली असतीस तर मी तुला जवळ घेतलं असतं. तू मला कौतुक करून फसवलंस. डाव्या हाताचं नाटक माझ्या हातात देऊन उजव्या हाताचं खरं दुखणं मुलांना दाखवलंस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी घराबाहेर कोणाला बोलले नाही. पण केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं मुलांना वाक्यात उपयोग करून दाखवत होते, आणि अर्थ मला आत्ता कळला.

गेल्या सोमवारी कॉलेजात राहिलेली माझी शाल आणायला मी आले होते, तुझी रजा असल्याचं आधी विचारून. बसथांब्यावर जिराफ बसली होती. मी खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं की तू तिला बोलावून घेतलंस, भूमिकेबाहेर गेल्यामुळे केस अपुरी राहिली, उत्तीर्ण करता येणार नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बसावं लागेल. येत्या शुक्रवारच्या बैठकीत शिक्कामोर्तब. तिने माझ्याकडे काहीही मागितलं नाही. ती एवढंच म्हणाली की मावशी, चार रेघांची वही आणा, प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला आणि खालच्या रेघेला टेकवा, मोठं लिहायचं असं ठरवून लिहा, रोज एक पान. बस आली तेव्हा ती माझ्याबरोबर उठली आणि माझं पहिलं पाऊल पायरीवर नीट पडेपर्यंत कोपराजवळ हात धरून उभी राहिली. धरण्याआधी विचारलं. हे पान त्या वहीतलं आहे. मी रोज एक लिहिते, आज तुझ्यासाठी बारा लिहिली.

तर आता कारण सांगते. त्या दिवशी मी जिराफची चिठ्ठी भरली नव्हती, आणि रुग्णाच्या चिठ्ठीशिवाय गुण अंतिम होत नाहीत, हा तुझा नियम आहे. म्हणजे परीक्षा अजून संपलेलीच नाही. तिची चिठ्ठी सोबत जोडली आहे, तिच्या जुन्या तिन्हींच्या नकलांसह. तीनही प्रश्नांना ‘हो’, आणि खाली दोन ओळी, की या मुलीने खोट्या रुग्णातली खरी रुग्ण ओळखली आणि तसं मला सांगितलं. डॉक्टरांच्या कागदाची नक्कलही आहे. शुक्रवारी हे सगळं तू स्वतः वाचून दाखवायचंस, उजव्या हाताच्या त्या ओळीसकट. आणि दुसरी चिठ्ठी तुझी. इतकी वर्षं माझ्या अंगावर शिकलीस, पण तुझी चिठ्ठी भरायची राहूनच गेली होती. हात लावण्याआधी मला विचारलं का? टेबलावर होते तेव्हा दर वेळी, खाटेवर बसवलंस तेव्हा नाही. माझं म्हणणं ऐकून घेतलं का? हो, काचेमागे सगळं ऐकू येतं. मी पुन्हा याच व्यक्तीकडे येईन का? याचं उत्तर मी आधी पाच वेळा वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं, दर वेळी शेवटचं अक्षर बारीक होत होतं. सहाव्यांदा जमलं. चारही रेघांत नीट बसलंय, तुला चष्म्याशिवाय वाचता येईल. नाही.

तुझीच,
ताई